शेपटीची चिंधी

सरू वाचनालयातून घरी आली तेव्हा पांड्या अजून भिंतीकडे तोंड करूनच उभा होता. सकाळी निघताना त्याच्यापुढे ठेवलेला दूधभात वाडग्यात सुकून गेला होता आणि मुंग्यांनी कडेकडेने रांग धरली होती. तिने पिशवी खुंटीला अडकवली, मुंग्यांसकट भात अंगणाच्या टोकाला नेऊन टाकला, वाडगं घासलं आणि नवा भात कालवायला बसली. कुत्रा जागचा हलला नाही. त्याचा एक कान तेवढा तिच्या पावलांच्या रोखाने फिरत राहिला.

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात सरू आणि तिचा नवरा जगन यांचं लहानसं घर होतं. दोघांपुरतं ते भरपूर होतं. पण पांड्या त्या घरात असा वागे, जणू सगळं घर काचेच्या सामानाने भरलंय आणि त्याला वावरायला वीतभरच वाट आहे. खोलीच्या मधोमध तो कधी येतच नसे. भिंतीला अंग घासत चाले, वळायचं असेल तर न वळता मागच्या मागे सरके, आणि एखाद्या जागी उभा राहिला की पाय दुखून लटपटेपर्यंत तिथेच उभा राही. शेपटी पोटाखाली घट्ट दाबलेली. कुत्र्याला शेपटी हलवता येते हे त्याच्या गावीच नसावं.

त्याचं नाव पांड्या, पण रंग तांबूस. याची गंमत जगनने सगळ्या शेजारपाजाऱ्यांना सांगून झाली होती. हा कुत्रा पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात वाढलेला. शाडूची आणि प्लास्टरची धूळ अंगावर बसून बसून तो पांढरा दिसे, म्हणून कामगारांनी नाव ठेवलं पांड्या. इथे आणून पहिली आंघोळ घातली तर पाणी दुधासारखं वाहिलं आणि आतून तांबडा कुत्रा निघाला. "ही सरळसरळ फसवणूक आहे," जगन म्हणाला होता. "बदलून मागू या." तेव्हा सरू हसली होती. आबा गेल्यानंतर ती हसली ती त्या दिवशीच.

आबा म्हणजे तिचे वडील, महिपती. त्याच कारखान्यात ते डोळ्यांची आखणी करत. मूर्ती साच्यातून निघायची, वाळायची, घासली जायची, अंगाला रंग चढायचा, आणि सगळ्यात शेवटी ती आबांच्या पुढ्यात यायची. डोळे उघडण्याचं काम त्यांचं. सरूची आई ती अगदी लहान असताना गेली. तेव्हापासून रोज सकाळी कामावर जायच्या आधी आबाच तिच्या वेण्या घालत. सवय नसलेल्या पुरुषी हाताने घातलेल्या त्या वेण्या इतक्या आवळ असत की शाळेत तिच्या भुवया वर ओढलेल्या दिसत. संध्याकाळी आले की पहिलं काम रिबिनी सोडायचं. केस मोकळे करून डोक्यावर हलकी टपली मारत आणि म्हणत, "चल, सुट्टी."

सरू लग्न होऊन रोह्याला आली, आबा पेणला एकटे राहिले. रविवारी गाडीने येत. जेवताना कारखान्यातल्या गोष्टी निघत, आणि अलीकडे त्या गोष्टींत पांड्या फार असे. आज त्याने अर्धी भाकरी खाल्ली, आज तो जेवणाच्या डब्यापाशीच झोपला. दाजीशेटला, म्हणजे कारखान्याच्या मालकाला, तो आवडत नाही, पण माझ्यापुढे त्याचं काही चालत नाही, असं आबा थोड्या फुशारकीने सांगत.

आषाढात, आखणीच्या ऐन धांदलीत, हातात कुंचला असतानाच आबा खाली बसले. त्यानंतर दवाखाना, आणि श्रावण लागायच्या आत सगळं संपलं.

गणपती उठल्यावर कारखाना रिकामा झाला. मग एके दिवशी सरू त्यांच्या वस्तू आणायला पेणला गेली. कुंचल्यांचा पत्र्याचा डबा, कामावर घालायचा रंगाने भरलेला सदरा, एक पंचा. तिथे मागच्या बाजूला, लाकडांच्या ढिगाला साखळीने बांधलेला पांड्या तिला दिसला. बरगड्या मोजाव्यात असा. त्याच्या शेपटीला चिंधी बांधलेली होती आणि तिचं दुसरं टोक मागच्या पायाला. चिंधी मांसात रुतली होती. वास येत होता.

दाजीशेट आणि चार कामगार तिथेच साचे धुवत होते. सरू आवाज चढवणारी बाई नव्हे. त्या दिवशीही तिने आवाज चढवला नाही. ती एवढंच म्हणाली, "हे ज्यानं बांधलं त्याचे हात झडोत."

सगळ्यांनी माना खाली घातल्या, साच्यांवर पाणी पडत राहिलं. लाज वाटली असेल यांना, असं तिला वाटलं, आणि वाटलं ते बरं वाटलं.

पेणमध्ये चंद्रावतीबाई म्हणून निवृत्त परिचारिका राहतात. त्यांच्या परसात अशी टाकलेली, जखमी कुत्री असतात. त्यांनी पांड्याला उचललं, डॉक्टरांकडून चिंधी कापून काढवली, जखमेतले किडे स्वतः वेचले. शेपटी वाचली, पण मुळाशी बांगडीसारखा एक उघडा, गुलाबी पट्टा राहिला. सरूने कुत्रा मागितला तेव्हा बाईंनी तिला आधी नीट निरखलं. मग म्हणाल्या, आता फक्त सांभाळायला देते. रुळला तर तुझा. नाही रुळला तर मला परत आण, रस्त्यावर सोडू नकोस. वडखळच्या नाक्यावर एका ढाबेवाल्याला राखणीला कुत्रा हवाय, त्याला देईन. साखळीला बांधेल तो, पण जेवायला घालेल. माझ्याकडे आता जागा नाही.

म्हणजे पांड्या या घरात रुळला नाही, तर पुन्हा साखळी. सरूच्या मनात आणखीही एक होतं, ते तिने बाईंना सांगितलं नाही. आबांच्या रोजच्या दिवसांतलं जिवंत असं आता हे एवढंच उरलं होतं.

तो खात नव्हता, भिंतीकडे तोंड करून उभा राहत होता, तेव्हा तिला वाटलं, हा आबांची वाट बघतोय. तिला ते इतकं उघड दिसत होतं की दुसरं काही असेल असं मनात आलं नाही. तिने आबांचा सदरा आणला. तो तिने धुतला नव्हता. रंग, घाम आणि बिडीचा वास त्याला होता, आणि कपाटात घडी करून ठेवलेला तो वास ती स्वतःसुद्धा काटकसरीने घेत असे. सदरा तिने पांड्याच्या गोणपाटावर अंथरला. जवळ कुंचल्यांचा डबाही ठेवला.

पांड्याने सदरा हुंगला आणि तो ताठ झाला. मागचे पाय जुळवून, शेपटी आत ओढून, अगदी मूर्तीसारखा उभा राहिला. खालच्या गोणपाटावर ओल पसरत गेली.

"ओळखलं त्यानं," सरू जगनला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

जगन धाटावच्या कंपनीत पाळीवर जाणारा माणूस. दोन्ही वेळेला जेवणारा, झोप लागणारा, सरळ. तो बराच वेळ बघत राहिला. "ओळखलं खरं," तो म्हणाला. "पण ओळखून आनंद झालेला दिसत नाही बाबा."

सरूला ते आवडलं नाही. तिने संध्याकाळी दुसरं काही आणलं, आबांचा पंचा. पांड्याने त्या दिवसापासून पाणीसुद्धा माणसं आसपास नसतील तेव्हाच प्यायला सुरुवात केली. दिवेलागणीला तर त्याची अवस्था बघवत नसे. त्या वेळी तो भिंतीपाशी थरथरत उभा राही, मान वळवून दाराकडे बघे, पुन्हा भिंतीकडे तोंड करी. कशाची तरी वाट बघत होता, यात सरू चुकली नव्हती.

मग एके सकाळी शेपटीवरचा उघडा पट्टा लाल दिसला म्हणून तिने मलम लावायला हात घातला, आणि पांड्याने तो हात पकडला. चावून लगेच सोडला, आणि स्वतःच जमिनीला चिकटून डोळे मिटून बसला. दात अंगठ्याच्या मुळाशी खोल गेले होते. जगन तिला दवाखान्यात घेऊन गेला, इंजेक्शनं झाली. घरी आल्यावर चहा करून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला की त्याने चंद्रावतीबाईंना फोन केला आहे. रविवारी त्यांचा माणूस येऊन कुत्र्याला घेऊन जाईल.

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," जगन म्हणाला. मग हळू आवाजात, "सरू, तो इथं सुखात नाही. आणि तूही नाहीस. दोघं मिळून घरभर सुतक पाळताय."

शनिवारी दुपारी हौसाबाई आली. कारखान्यात मूर्ती घासायचं काम करणारी, खाडीकडच्या गावातली, साठीला आलेली. आबांबरोबर तिने वर्षानुवर्षं काम केलेलं. निडीला भाचीकडे आले होते, म्हणून इथवर आले, असं ती म्हणाली, आणि पिशवीतून पोह्यांचे पापड काढून तिने ओट्यावर ठेवले. सरूच्या हाताची पट्टी पाहिली. पांड्याकडे पाहिलं. त्याच्या अंगाखालचा सदरा पाहिला तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला.

"ह्यो सदरा हितं कशाला गो घातलास?"

सरूने सांगितलं. हौसाबाई ऐकत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. पाणी दिलं ते तिने हातातच धरून ठेवलं.

"मी येका कामाला आले," ती शेवटी म्हणाली. "भाचीचं निमित्त. तू त्या दिशी बोललीस ना, हात झडोत म्हनून. ते मागं घे."

"का?"

"गेलेल्या मानसाच्या हाताला असं बोलू नाय. लेकीनं तर नायच नाय."

सरूला काही क्षण वाक्य कळलंच नाही. बाहेर कुणी तरी मोटरसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती पुन्हा पुन्हा विझत होती. मग तिला कळलं. तिने ओट्याला हात टेकला.

हौसाबाईने मग सगळं सांगितलं, मध्ये न थांबता, बरेच दिवस पाठ केल्यासारखं. पिल्लू होता तेव्हा सगळ्यांना गोड वाटला. मोठा झाला, शेपटी मोठी झाली, आणि माणूस दिसलं की ती हलायची. कच्च्या मूर्ती जमिनीवर ओळीने मांडलेल्या. याची शेपटी लागली की कुणाची सोंड जायची, कुणाचा हात. मग ज्याच्या हाती जे येईल ते तो फेकायचा. दाजीशेटने एकदा फळी मारली, कुत्रं दिवसभर उठलं नाही. तेव्हा महिपतीदादा म्हणाले, मारू नका, मी त्याचं काही तरी करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रंग पुसायची चिंधी घेतली आणि शेपटी पायाशी बांधली.

"सैल बांधायचं, हां. दोन बोटं जातील अशी. रोज सकाळला आले का पयलं त्याला बांधायचं. तो उभा ऱ्हायचा गुमान, भित्तीकडं त्वांड करून. आनि सांजच्याला सोडायचं. खोबरेल चोळायचं शेपटीला. म्हनायचं, चल, सुट्टी. मंग ह्यो जो पळायचा, पार तळ्यापातूर जाऊन यायचा."

सरूने विचारलं, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "मग त्यांच्यामागे कुणीच नाही सोडली?"

"म्या गेले व्हते. चावाय आला. पुन्यांदा गेले, पुन्यांदा तेच." हौसाबाईने पाण्याचा पेला खाली ठेवला. "दाजीशेटनं मागं नेऊन बांधला. आखनीला मानूस नाय, कामाचा ह्यो डोंगर. चिंधी भिजली आसल, त्यानं वढली आसल, आवळली. येता-जाता पाव टाकायची म्या त्याला. शेपटीकडं नाय बघितलं. खरं सांगते, बघायचंच नाय असं केलं."

ती गेल्यावर सरू ओट्यापाशीच उभी राहिली.

दवाखान्यात शुद्धीवर असलेल्या दिवसांत आबा एकच गोष्ट मागत होते. मला एकदा कारखान्यात नेऊन आण. पाच मिनिटांचं काम आहे. ती त्यांचं कपाळ पुसत म्हणायची, आबा, आखणीला दुसरं कोणी मिळेल, तुम्ही स्वस्थ पडा. त्यांनी कधी सांगितलं नाही की आखणी नव्हे. रविवारच्या गोष्टींत भाकरी होती, डबा होता, दाजीशेटपुढे चाललेली ऐट होती. चिंधी कधी आली नव्हती. लेकीला सांगता येण्यासारखं ते नाही, हे त्यांना ठाऊक असणार. शेवटी त्यांनी मागणं सोडलं आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

मारू नये म्हणून बांधलं. तिने ते वाक्य मनात उलटंसुलटं करून पाहिलं. कसंही ठेवलं तरी ते तिला बोचत होतं. आबांना बोल लावावा तर फळी आठवे, त्यांची बाजू घ्यावी तर शेपटीवरचा तो गुलाबी पट्टा दिसे. हात झडोत म्हणताना तिचा आवाज किती शांत होता, हेही आठवे.

जगन दुपारच्या झोपेतून उठून आला तेव्हा सरू मोरीत बसली होती. बादलीत सदरा होता. साबणाचा फेस करड्या रंगाचा झाला होता. या सदऱ्याला हात लावू देत नव्हती ती, हे जगनला माहीत होतं. तो दारात थांबला. तिने थोडक्यात सांगितलं. तो खाली बसला आणि सदऱ्याचं एक टोक धरून तिच्याबरोबर तो पिळू लागला, कारण तिचा एक हात पट्टीत होता. रंगाचे डाग गेले नाहीत. वास गेला.

कुंचल्यांचा डबा आणि पंचा तिने माळ्यावर ठेवले. गोणपाट बदललं. पांड्या भिंतीपाशी तसाच होता.

दिवेलागण झाली. त्याचं थरथरणं सुरू झालं. सरू त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "चल, सुट्टी."

काही झालं नाही. जगन दाराशी पेल्यातून चहा पीत बसला होता. तो नजर चुकवून बाहेर बघू लागला, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

ती थोडी पुढे सरकली. पांड्याच्या घशातून बारीक गुरगुर आली. ती थांबली. शेपटीला हात लावायचा नाही हे तिला आता कळत होतं. तिने दोन्ही हात त्याच्या मागच्या पायाजवळ नेले, अंगाला न लावता, आणि तिथे नसलेली गाठ ती सोडू लागली. आधी खोचलेलं टोक बाहेर काढलं. मग फास सैल केला. रिबीन सोडताना आबा जसे घाई न करता सोडत, केस ओढला जाऊ नये म्हणून, तसं. पट्टीतल्या अंगठ्यात कळ येत होती. गाठ सुटली असं तिला वाटलं तेव्हा तिने हात मागे घेतले.

"चल पांड्या. सुट्टी."

त्याने मान वळवली. तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं. मग मानेपासून कंबरेपर्यंत एक शहारा त्याच्या अंगातून गेला, आणि पुढच्या क्षणी तो जगनच्या पायांवरून उडी मारून दाराबाहेर गेला. अंगणाचं फाटक उघडं होतं.

जगन चपला शोधू लागला. "अगं, रस्ता आहे पुढं. कंपनीच्या गाड्या सुटतात या वेळेला."

"माहीत आहे."

"परत आला नाही तर?"

सरू तिथेच जमिनीवर बसून राहिली. हाक मारावी असं तिला दहादा वाटलं. पण आबा हाक मारत नसत, हौसाबाई तसं काही म्हणाली नव्हती. रस्त्यावरून एक बस गेली, मग दुसरी. प्रत्येक वेळी दोघं ऐकत राहिले. समोरच्या शेताच्या बांधावरचा माणूस म्हशी हाकत घरी गेला. चपला शोधताना जगनने चहाचा पेला खोलीच्या मध्येच जमिनीवर ठेवला होता, तो तसाच होता.

अंधार पुरता पडायच्या आत पांड्या फाटकातून आत आला. पोटापर्यंत चिखल. जीभ बाहेर. तो धावतच आला, आणि धावण्याच्या भरात असल्यामुळे असेल, भिंतीकडे न जाता सरळ खोलीच्या मधोमध आला. तिथे आल्यावर त्याची शेपटी एकदा इकडून तिकडे गेली आणि पेल्याला लागली.

पेला आडवा झाला, चहा सांडला, स्टीलचा आवाज करत पेला घरंगळत कपाटाखाली गेला.

पांड्या जागच्या जागी बसला. डोळे घट्ट मिटले, कान डोक्याला चिकटवले, अंग आवळून घेतलं आणि वाट बघू लागला.

कोणी हललं नाही. जगनचा हात सवयीने पेल्यामागे गेला होता, तो त्याने मध्येच थांबवला आणि हळूच मांडीवर ठेवला. सरूचे हात तिच्या मांडीवर होते. लांब बोटांचे, नखं आखूड कापलेले, आबांसारखे. तिने ते उलटे करून पाहिले. चहाचा ओघळ फरशीच्या फटीतून पांड्याच्या पुढच्या पायापर्यंत पोचला.

बऱ्याच वेळाने त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. उठून तो भिंतीपाशी गेला. पण या वेळी भिंतीला पाठ लावून बसला, त्यांच्याकडे तोंड करून.

"उद्या माणूस येणार आहे बाईंचा," जगन हलक्या आवाजात म्हणाला. "काय सांगू?"

"नको येऊ म्हणून सांग."

"आणि उद्या याला पुन्हा..."

"उद्याही करावं लागेल," सरू म्हणाली. "परवाही."

दोरीवर टाकलेल्या सदऱ्यातून अंगणात पाणी ठिबकत होतं. सकाळी बांधायचं या घरात काही नव्हतं. संध्याकाळी मात्र कोणी तरी घरात असायला हवं होतं, रोज. वाचनालयातून लवकर निघता येईल का, याचा ती विचार करू लागली. वाडग्याकडे न बघता ती बसली होती. काही वेळाने मागून, फार सावधपणे, भात चाटल्याचा आवाज आला, थांबला, आणि पुन्हा आला.